मोटारसायकलच्या जुन्या जाहिराती: पुण्यातील एका सूची-प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

प्रकल्पाचे काम आजपासून रीतसर सुरू झाले. गेल्या काही वर्षांत जमलेली कात्रणे, कंपन्यांची माहितीपत्रके, विक्रेत्यांनी वाटलेले कागद आणि पत्र्याच्या पाट्या यांची सूची करायची, प्रत्येक वस्तूची स्वच्छ स्कॅन प्रत काढायची आणि गणेशोत्सव उरकल्यावर त्यांतल्या निवडक वस्तूंचे एक लहानसे प्रदर्शन भरवायचे, असे कामाचे स्वरूप ठरले आहे. कालखंड ढोबळमानाने १९३० ते १९९० धरला असून स्कूटर आणि मोपेड यांना मुद्दाम बाजूला ठेवले आहे. पुण्यात बसून ‘हमारा बजाज’ आणि ‘चल मेरी लूना’ वगळायचे, हे काही मंडळींना पाप वाटेल याची कल्पना आहे. परंतु त्या दोन्ही जाहिराती घरादाराशी बोलत होत्या, आणि आम्हाला गाडी चालवणाऱ्याशी थेट बोलणारी जाहिरात तपासायची आहे.

तपासायचे आहे ते असे की, ही जाहिरात आजच्या मोटारसायकलवाल्याला नेमकी कशामुळे धरून ठेवते. ‘गेलेल्या दिवसांची ओढ’ हे उत्तर सगळेच देतात, पण ते पुरत नाही. जुन्या माहितीपत्रकासाठी घासाघीस करणाऱ्यांत पंचविशीतली मुले निम्म्याहून कमी नसतात, आणि त्यांनी ते दिवस पाहिलेलेच नाहीत.

सकाळी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फेरी मारली. स्पॅनर, पितळी नळ आणि फुटक्या घड्याळांच्या ढिगात दोन कात्रणे मिळाली. विक्रेत्याला त्यांचे मोल ठाऊक नव्हते. मी ती दुसऱ्यांदा हातात घेतल्यावर मात्र ते त्याला तत्काळ कळले.

१९ जून, बुधवार

वर्गवारीला सुरुवात केली. कंपनीनुसार गठ्ठे लावणे सोपे आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही, म्हणून जाहिरात कशाचे वचन देते त्यावरून गठ्ठे लावले: मजबुती, वेग, काटकसर आणि रुबाब. सर्वांत मोठा गठ्ठा मजबुतीचा झाला, आणि त्यातही ब्रिटिश कंपन्यांचा वाटा ठळक आहे.

त्याचे कारण इतिहासात सापडते. रेडिच गावच्या एनफिल्ड कंपनीने लंडनजवळच्या एनफिल्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्याला बंदुकीचे सुटे भाग पुरवले होते. नावही तिथलेच घेतले, आणि ‘मेड लाइक अ गन’ हे घोषवाक्य व तोफेचे चिन्हही त्यातूनच आले. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. तिच्या बिल्ल्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या असत. बंदुकीची नळी आतून जितकी अचूक घासावी लागते तितक्याच अचूकपणे इंजिनाचा सिलिंडर घासलेला आहे, असे त्या चिन्हातून ग्राहकाला सुचवले जात होते, आणि लेथ, म्हणजे धातू फिरवत कापण्याचे यंत्र, कसे चालते हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते पटण्यासारखे होते. मला हे महत्त्वाचे वाटते. घोषवाक्य वरवर पाहता पराक्रमाचे आहे, पण त्याचा पाया कारखान्यातल्या कामाच्या दर्जात आहे.

२४ जून, सोमवार

आजचा दिवस वृत्तपत्रांतल्या कात्रणांवर गेला, आणि तो सत्कारणी लागला.

या कात्रणांमधल्या बहुतेक गाड्या छायाचित्रात नसून रेघांच्या चित्रात आहेत. पाहणारे म्हणतात, ‘काय त्या काळचे कलाकार होते!’ कलाकार होतेच. पण रेघांचे चित्र वापरण्यामागचे कारण छपाईचे होते. छायाचित्र छापायचे तर त्याचा हाफटोन ब्लॉक करावा लागे, म्हणजे चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करून ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरावे लागे. गुळगुळीत आर्ट पेपरवर एका इंचात १३० च्या आसपास ओळींची जाळी चालत असे. वृत्तपत्राच्या खरखरीत, शाई पिणाऱ्या कागदावर मात्र ६५ च्या आसपासच थांबावे लागे, नाहीतर ठिपके एकमेकांत मिसळून सगळा काळा डाग उठे. मोटारसायकलीचे छायाचित्र या जाळीतून गेले की सर्वांत आधी चाकांचे स्पोक नाहीसे होतात, मग इंजिनाचे पंख एकमेकांना चिकटतात, आणि राहते ती एक करडी आकृती, जी म्हशीचीही असू शकेल. म्हणून चित्रकाराला बसवून गाडी रेघांनी काढून घेत आणि त्याचा लाइन ब्लॉक, म्हणजे ठिपक्यांविना नुसत्या रेघांचा ब्लॉक, करत.

आता या गरजेचा परिणाम पाहण्यासारखा आहे. रेघांनी गाडी काढायची तर चित्रकाराला प्रत्येक भाग समजून घ्यावा लागतो. क्लचची केबल हँडलपासून निघून कुठे जाते, मडगार्डचा आधार कुठे बोल्टने जोडला आहे, सायलेन्सर चाकाच्या दांडीच्या वरून जातो की खालून, हे सर्व त्याला ठरवावेच लागते. छायाचित्रासारखे सावलीत ढकलून चालत नाही. भिंगाखाली धरलेल्या एका कात्रणात टाकीच्या कडेने गुडघ्याला टेकायचे रबर दिसते, आणि त्या रबरावरच्या आडव्या खाचाही वेगवेगळ्या मोजता येतात. सारे चित्र तळहातावर मावेल एवढे आहे.

जुनी गाडी पुन्हा मूळ रूपात आणणारे लोक अशी चित्रे का जपतात, याचे एक उत्तर येथे मिळते. त्यांच्या दृष्टीने ती जाहिरात म्हणजे सुट्या भागांचा नकाशाच आहे. सावधगिरीची एक सूचना मात्र सूचीत लिहिली पाहिजे: हेच चित्रकार गाडी किंचित लांब आणि बसकी काढत आणि तिच्यावर बसलेला माणूस थोडा लहान काढत, म्हणजे इंजिन मोठे दिसे. भाग कुठे आहे हे चित्रावरून खात्रीने ठरवावे. भागाचे माप ठरवू नये.

१ जुलै, सोमवार

पालख्या शहरात मुक्कामाला असल्याने पेठांमधले रस्ते बंद आहेत, आणि घरीच बसून कागदांची डागडुजी केली. दमट हवेत कसर लागू नये म्हणून प्रत्येक कात्रण आम्लविरहित कागदात घालून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवत आहे. लॅमिनेशन करून द्या, असा प्रेमळ सल्ला देणाऱ्यांना नम्र नकार दिला आहे, कारण वृत्तपत्राचा कागद मुळातच आम्लधर्मी असतो, तो आतल्या आत पिवळा होत राहतो, आणि एकदा उष्णतेने प्लॅस्टिक चिकटवले की तो कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. सेलोटेपचेही तेच. तिचा तपकिरी पट्टा कागदात उतरतो आणि टेप गळून पडली तरी तो मागे राहतो.

५ जुलै, शुक्रवार

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांमागे एक मेस्त्री जुन्या बुलेट दुरुस्त करतात. त्यांना दाखवण्यासाठी विक्रेत्याचे एक दोनरंगी पत्रक नेले होते. त्यावर बुलेटचे छायाचित्र आहे आणि डाव्या बाजूला मजकूर. हात पुसून त्यांनी कागद घेतला, दूर धरला, जवळ आणला, आणि म्हणाले, “सर, ही गाडी उलटी आहे.”

“उलटी म्हणजे?”

“टायमिंगचं झाकण बघा की, डावीकडं आलंय. जुन्या बुलेटची किक न् गिअर उजवीकडं, पायातला ब्रेक डावीकडं, आणि चेनपण डावीकडं. ह्यात सगळं फिरलंय. अशी गाडी बनलीच नाही कधी.”

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. छायाचित्राची फिल्म उलटी लावून ब्लॉक केला आहे, आणि टाकीवरचे नाव उलटे उमटू नये म्हणून ते पुसून हाताने नव्याने लिहिले आहे. भिंगातून पाहिले तर तिथे जाळीचे ठिपके नसून सलग शाई दिसते. असे का केले असावे, याचा अंदाज मांडणीकार सहज बांधू शकतो. गाडीचे तोंड मजकुराकडे असावे, कागदाबाहेर असू नये, हा मांडणीचा जुना नियम आहे. ब्रिटिश पद्धतीच्या गाडीची देखणी बाजू उजवी, आणि उजव्या बाजूने टिपलेली गाडी चित्रात उजवीकडे तोंड करते. पत्रकात मजकूर डावीकडे असल्यामुळे तिला डावीकडे वळवण्यासाठी सरळ फिल्मच पालटली.

माझ्यासाठी यातला कळीचा मुद्दा असा की, सामान्य वाचकाला ही गोष्ट कधीच दिसणार नाही आणि मेस्त्रींना ती कागद हातात घेताच दिसली. त्यांनी घोषवाक्याकडे पाहिलेही नाही. मी ते वाचून दाखवल्यावर म्हणाले, “ते असतंच.”

९ जुलै, मंगळवार

वेगाच्या गठ्ठ्याची सूची पूर्ण केली. हा गठ्ठा लहान आहे, आणि त्यातला बराचसा भाग परदेशी मासिकांतून फाडलेला आहे.

यातली सर्वांत धीट भाषा स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट कंपनीची. जगातली सर्वांत वेगवान स्टँडर्ड मोटारसायकल, असे म्हणून खाली ती बजावत असे की ही वस्तुस्थिती आहे, घोषवाक्य नव्हे. जाहिरातीनेच जाहिरातीवर अविश्वास दाखवायचा आणि वाचकाचा विश्वास मिळवायचा, ही युक्ती अजूनही जुनी झालेली नाही. तिला आधार होता हेही खरे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठागरावर रोली फ्री या चालकाने व्हिन्सेंटवर ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर, वेग गाठला. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्याने अंगावरचे कातडी कपडे काढून टाकले होते आणि पोहण्याच्या चड्डीवर, पाय मागे ताणून, तो गाडीवर पालथा झोपला होता. त्या क्षणाचे छायाचित्र मोटारसायकलच्या इतिहासातल्या सर्वाधिक छापल्या गेलेल्या छायाचित्रांपैकी असावे. कोणत्याही कल्पक माणसाला टेबलावर बसून असे चित्र सुचले नसते, आणि सुचले असते तरी ते विनोदी ठरले असते.

१४ जुलै, रविवार

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा-यझदीवाल्यांचा जागतिक दिवस. पाऊस असूनही मंडळी जमली. संयोजकांच्या परवानगीने एका टेबलावर आमच्या स्कॅन प्रती मांडल्या आणि लोक कुठे थांबतात ते बाजूला उभे राहून पाहिले.

मोकळा रस्ता, डोंगर आणि मागे बसलेली तरुणी अशी रंगीत पोस्टरे लोकांनी पाहिली, हसून पुढे गेले. थांबले ते जावाच्या एका साध्या कृष्णधवल माहितीपत्रकापाशी. जावाची किक आणि गिअर हा एकच दांडा असतो, डाव्या बाजूला. आत दाबून वर उभा केला की किक, पुढे पाडला की गिअर. त्या पत्रकात दांड्याच्या दोन्ही स्थिती बाणांनी दाखवल्या आहेत. एका गृहस्थांनी तिथल्या तिथे मुलाला गाडीपाशी नेले आणि चित्राबरहुकूम दांडा फिरवून दाखवला. मुलगा फोन खिशात ठेवून खाली वाकला. आसपास आणखी चारपाच जण गोळा झाले आणि दांड्याची स्प्रिंग कमजोर झाली की काय करावे यावर चर्चा सुरू झाली, ती चहा येईपर्यंत चालली.

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने पुढे यझदीसाठी ‘फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू’ हे घोषवाक्य वापरले. कंपनी १९९६ मध्ये बंद पडली, आणि तिच्या गाड्या आज मैदानात पावसात भिजत उभ्या होत्या. या योगायोगावर भाषण करायला एक वक्ते उभे राहिलेच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी एक भर घालावीशी वाटते: गाड्या टिकल्या त्या घोषवाक्यामुळे नव्हे आणि निव्वळ बनावटीमुळेही नव्हे. कंपनी गेल्यावर पाव शतकाहून अधिक काळ ज्यांनी भाग घडवून घेतले, अदलाबदल केली, जुन्या गाड्या फोडून नव्या जुळवल्या, त्यांनी ते वचन कंपनीच्या वतीने पाळले.

२० जुलै, शनिवार

भारतीय जाहिरातींचा गठ्ठा आज सलग वाचला, आणि प्रदर्शनाचा मध्य मिळाला असे वाटते.

पार्श्वभूमी सर्वांना परिचित आहे. आयातीवर बंधने आल्यावर येथेच गाड्या बनू लागल्या: मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया स्थापन झाली, साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला जावा आली, आणि एस्कॉर्ट्सने पोलंडच्या परवान्यावर राजदूत काढली. परवान्यांच्या त्या काळात उत्पादनाला मर्यादा होती आणि मागणीला नव्हती. स्कूटरसाठी तर नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. अशा बाजारात ग्राहकाला भुलवण्याची निकड कमी असते. त्यामुळे त्या वेळच्या पुष्कळ जाहिराती माहिती देतात, विक्रेत्यांची नावे देतात आणि थांबतात. आज आपल्याला जो प्रामाणिकपणा वाटतो त्यातला काही भाग गरज नसण्यातून आलेला आहे, हे लेबलवर लिहायला काहींचा विरोध होईल, तरी लिहावे असे माझे मत आहे.

राजदूतची भाषा निराळी. ‘जानदार’ आणि ‘शानदार’ या दोन शब्दांवर उभी असलेली ती जाहिरात आणि तिच्यातला धर्मेंद्र हे गावाकडच्या माणसाला उद्देशून होते. दुधाचे कॅन लादून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याला गाडी ओढते का, हे महत्त्वाचे. त्याच एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाच्या परवान्यावरची राजदूत ३५० आणली. दोन सिलिंडरांची ती गाडी तेव्हाच्या रस्त्यांवर तुफान पळे, पण ‘ॲव्हरेज किती?’ या प्रश्नापुढे तिची जाहिरात मुकी होत असे. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात तिचाच भाव चढा आहे. जाहिरात ज्याच्यासाठी केली तो ग्राहक तीस वर्षे उशिरा आला, असे म्हणता येईल.

आता मुख्य गोष्ट. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि तिच्या जाहिरातीने सांगितले, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. या वाक्याची धार समजायची तर तोवरची सवय लक्षात घ्यावी लागते. राजदूत आणि यझदी टू-स्ट्रोक होत्या; पेट्रोलबरोबर मापाने ऑइल मिसळावे लागे, माप चुकले की धूर किंवा जाम, प्लग काळा पडला की काढून घासायचा, सायलेन्सरमधला कार्बन अधूनमधून साफ करायचा. सीडी १०० फोर-स्ट्रोक होती, इंजिन शंभर सीसीच्या आतले, आणि दावा लिटरला ८० किलोमीटरचा. त्यामुळे ‘विसरून जा’ ही लाखो लोकांची सुटका होती. कामावर वेळेत पोहोचू इच्छिणाऱ्याने गाडीवर प्रेम का करावे? मी स्वतः त्या पिढीतला असतो तर सीडी १०० च घेतली असती.

होंडाने हे अमेरिकेत आधीच करून पाहिले होते. १९६३ च्या सुमारास तिथे आलेल्या मोहिमेत ‘होंडावर तुम्हाला भली माणसे भेटतात’ अशा अर्थाचे वाक्य होते, आणि चित्रांत गृहिणी, विद्यार्थी, आईवडील व मुले छोट्या सुपर कबवर बसलेली. इंजिनाविषयी जवळजवळ काही नाही. मोटारसायकलवाला म्हणजे दांडगट, हा समज पुसण्यासाठी यंत्र मागे घेऊन माणसे पुढे आणली, आणि ते यशस्वी ठरले.

या दोन जाहिराती एका बाजूला आणि जावाचे बाणांचे पत्रक दुसऱ्या बाजूला ठेवले की फरक लगेच डोळ्यांत भरतो. जुनी जाहिरात गाडी घेणाऱ्याला निम्मा मेस्त्री समजून बोलते: तुला हे कळेल, तुला हे हाताने करावे लागेल, म्हणून नीट पाहून घे. पुढच्या जाहिरातीने त्याला त्या जबाबदारीतून मोकळे केले, आणि त्याबरोबर त्याच्याशी त्या पातळीवर बोलणेही थांबवले. आज ज्याला गाडी स्वतः उघडायची हौस आहे, त्याला आपल्याशी कोणी तरी बरोबरीने बोलते आहे असा अनुभव त्या पिवळ्या कागदातून येतो. पंचविशीतल्या मुलाला तो कागद का हवासा वाटतो, याचे मला पटलेले उत्तर हे आहे.

२६ जुलै, शुक्रवार

इनॅमलच्या पाट्या तपासल्या. बाजारात नकली पाट्यांचा सुळसुळाट आहे, म्हणून कसोट्या लिहून ठेवतो. अस्सल पाटीत काचेची पूड लोखंडी पत्र्यावर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि सहसा प्रत्येक रंगासाठी भट्टी वेगळी लागते. त्यामुळे अक्षराच्या कडेवरून नख फिरवले तर पायरी लागते. टवका उडालेला असेल तर त्याची कड काचेसारखी तीक्ष्ण असते, आणि टवके बहुतेक करून खिळ्यांच्या भोकांभोवती असतात, कारण भिंतीवर ठोकताना ताण तिथेच येतो. नकली पाटी हलकी, रंग सपाट, भिंगाखाली छपाईचे ठिपके, आणि गंज नेमका शोभेल अशा ठिकाणी. आमच्याकडच्या पाट्यांतली एक या कसोटीवर उतरली नाही. ती प्रदर्शनात राहील, खरी पाटी शेजारी लावून. लोकांना नख फिरवू द्यायचे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

लेबलांचे मसुदे वाचले. तरुण सहकाऱ्याने सुचवले की जुन्या जाहिरातींतला एकही चालक हेल्मेट घातलेला नाही, टाय मात्र बांधलेला आहे, याबद्दल सूचना लावावी. लावू, पण हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढलेल्या शहरात ती सूचना कोणत्या चित्राखाली आणि किती मोठ्या अक्षरांत लावायची, यावर पुढच्या बैठकीत स्वतंत्र चर्चा होईल असे दिसते.

उलट्या बुलेटच्या पत्रकासमोर आरसा लावायचे ठरले. आरशात गाडी बरोबर दिसेल आणि नाव उलटे. मेस्त्रींनी उद्घाटनाला येण्याचे कबूल केले आहे, दुकान लवकर बंद करता आले तर.

हॉलच्या भिंतींना खिळे मारू देत नाहीत, असे आज कळवण्यात आले. पाट्यांचे वजन पाहता दोऱ्यांवर भागणार नाही. लोखंडी स्टँड भाड्याने कुठे मिळतील ते सोमवारी पाहायचे आहे.